मकबऱ्यासमोरची नवरी

माझ्या भाचीची मंगनी ठरली तेव्हा घरात मेहेरच्या रकमेवरून वाद झाला नाही, जेवणावळीवरून झाला नाही. वाद झाला तो फोटोच्या जागेवरून. मुलगी म्हणाली, "मंगनीनंतरचे आमचे दोघांचे फोटो बीबीच्या मकबऱ्यात काढायचे. सकाळी, ऊन वर यायच्या आत." एवढ्या एका वाक्यावर आठ दिवस घर तापले.

आमच्या खालाजान सर्वांत वडील. त्यांनी कपाळावर हात मारला. "कबर के सामने मंगनी की तस्वीर? अल्ला अल्ला! दुसरी जगा नहीं मिली क्या?" मुलाकडची मंडळी जालन्याची. त्यांची अडचण निराळी होती. मुलाचे वडील मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, दिवस कसे आहेत ते तुम्ही पाहताच. औरंगजेबाच्या बेगमेचा मकबरा. उद्या तो फोटो कुणाच्या मोबाईलवर गेला आणि कुणी त्याचा भलताच अर्थ लावला तर?" आणि मुलीचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, यांना मुळात तस्वीर हाच प्रकार पसंत नाही. पासपोर्टपुरता फोटो ठीक, बाकी सारा दिखावा, असे त्यांचे मत.

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटले, निवाडा मी करणार नाही. मला जे ठाऊक आहे ते सांगतो, मग तुम्ही ठरवा. त्या आठ दिवसांत घरात जे बोललो तेच येथे थोडे नीट मांडतो आहे.

तस्वीर आणि पडदा

प्रथम मेहुण्यांचा मुद्दा. सजीवांची चित्रे काढण्याबद्दल आपल्याकडे जी नापसंती आहे तिचा आधार हदीसमध्ये आहे, हे कुणी नाकारत नाही. परंतु १८३९ मध्ये पॅरिसला दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली आणि पुढे हे यंत्र मुसलमानी मुलुखांत पोहोचले, तेव्हा उलेमांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. हाताने रेखाटलेले चित्र आणि यंत्राने धरून ठेवलेली सावली या दोन्ही गोष्टी एकच काय? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि छायाचित्र म्हणजे नवी निर्मिती नसून आहे त्या सावलीला थांबवणे आहे, असे म्हणून ते जायज ठरवले. सर्वांनी ते मानले असे नाही. मतभेद आजही आहेत. पण त्यांच्याही आधी उस्मानी सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने आपल्या राज्याच्या छायाचित्रांचे अल्बम तयार करवून १८९३ च्या सुमारास अमेरिकेला आणि ब्रिटनला भेट म्हणून पाठवले होते. खलीफा म्हणवणाऱ्या सुलतानाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे हजच्या पासपोर्टने उरलेला प्रश्न व्यवहारात तरी मिटवला.

आपल्या दख्खनमध्ये खरी अडचण तस्वीरीची नव्हती, पडद्याची होती. फोटोग्राफर पुरुष, त्याच्यासमोर बाईने चेहरा कसा उघडावा? निजामाचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी यावर तोड काढली. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी खास जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती आणि कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेविक. खानदानी बेगमांना तिथे निर्धास्तपणे बसता येई. लक्षात घेतले पाहिजे की त्या काळी औरंगाबाद निजामाच्याच राज्यात होते. म्हणजे आपल्या मुलखातल्या मुस्लिम बाईने छायाचित्रात यावे यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एक खास जागा बांधली गेली होती. फोटोसाठी जागा शोधणे ही आजच्या मुलींची थेरे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जागा स्टुडिओत आली, मग माणसे जागेकडे गेली

लग्नाच्या छायाचित्राची हौस फार जुनी नाही. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे लग्न १८४० मध्ये झाले, तेव्हा फोटोची विद्या नुकतीच जन्मली होती; त्या लग्नाचा फोटो नाही. लग्नाचा म्हणून दाखवला जाणारा तिचा आणि अल्बर्टचा फोटो १८५४ मधला आहे.

त्या काळी नवरा-नवरीला घेऊन बागेत किंवा किल्ल्यावर जाऊन फोटो काढणे ही सोपी गोष्ट नव्हती. काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे फोटोग्राफरला काळोखाचा तंबू बरोबर वागवावा लागे. म्हणून माणसे स्टुडिओत जात आणि जागा पडद्यावर रंगवून तिथे आणली जाई. खांब, जिना, कारंजे, डोंगर, जे हवे ते.

मुंबईत याहून गमतीचा प्रकार झाला. १८५४ मध्ये तिथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिथल्याच विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसे मुंबईच्या वेगवेगळ्या इमारतींसमोर, रस्त्यांवर, देवळांजवळ उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तिथे उभी नव्हती. माणसांचा फोटो वेगळा, जागेचा वेगळा आणि नंतर दोन्हींची जोड. आज संगणकावर जे करतात ते या गृहस्थाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी काचेवर केले होते.

आपल्या गावोगावच्या स्टुडिओंतून आणि उरुसातल्या फोटोच्या तंबूंतून जो पडदा सर्वांत जास्त चालला तो ताजमहालचा. माझ्या अम्मी-अब्बांचा एकत्र असा एकच फोटो आहे आणि तो अशाच पडद्यासमोरचा. अब्बा खुर्चीवर, अम्मी उभी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, मागे निळ्या आभाळात थोडा वाकडा झालेला ताज. लग्नाला चार वर्षे झाली होती तेव्हाचा तो आहे. लग्नाच्या दिवशीचा फोटो नाहीच. अम्मी कधी आग्ऱ्याला गेली नाही. पण तिच्या एकुलत्या फोटोत एका बेगमेची कबर होतीच! हे मी सांगितले तेव्हा खालाजान थोडा वेळ गप्प बसल्या. त्यांच्याही फोटोत तोच पडदा आहे.

नवरीविना लग्नचित्र

फोटोपूर्वी चित्रे होती. १६३३ मध्ये शहजादा दारा शुकोहचे लग्न नादिरा बानूशी झाले. शहाजहानच्या 'पादशाहनाम्या'ची जी सचित्र प्रत इंग्लंडमध्ये विंडसरला आहे तिच्यात या लग्नसमारंभाची चित्रे आहेत. भेटवस्तूंचे तबक घेऊन जाणारे लोक आहेत, दाराला सेहरा बांधणारा बादशहा आहे, वाजंत्री आहे. नवरी मात्र नाही. इतक्या खर्चिक लग्नाच्या चित्रात नवरीच नसावी, याचे त्या काळी कुणाला नवल वाटले नाही. पुढे दाराने नादिराला चित्रांचा एक अल्बम भेट दिला. फुले, पक्षी, तरुण-तरुणी, फकीर यांची चित्रे आणि सुलेखन असा हा मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यावर दाराने स्वतः लिहिले आहे की ही भेट आपली जिवलग सखी नादिरा बानू हिला दिली आहे. नवऱ्याने बायकोला दिलेला अल्बम म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. लग्नचित्रात जिला जागा मिळाली नाही तिचे नाव निदान अल्बमवर आले.

दोन बेगमा

आता खालाजानचा मुद्दा, म्हणजे कबर. ताजमहाल काय किंवा बीबीका मकबरा काय, दोन्ही प्रेमाची स्मारके म्हणून फोटोत येतात. ती मुळात काय आहेत?

अर्जुमंद बानू आणि शहजादा खुर्रम यांची मंगनी १६०७ मध्ये झाली आणि निकाह १६१२ मध्ये. पाच वर्षे ही मंगनी चालली आणि मधल्या काळात शहजाद्याने एक निकाह दुसरीकडे केलासुद्धा! त्या पाच वर्षांतल्या अर्जुमंद बानूच्या मनाची नोंद कुठल्याही बखरीत नाही. पुढे ती मुमताज महल झाली आणि १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरच्या छावणीत चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. वय अडतीस. तिची पहिली कबर आग्ऱ्यात नव्हे, तर आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत होती. सहा महिन्यांनी तिचे कलेवर आग्ऱ्याला नेले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ती बाग पाहायला गेलो होतो. पडक्या भिंती, रानगवत आणि दोन शेळ्या. फोटो काढायला आलेले एकही जोडपे नव्हते.

दुसरी बेगम आपल्या शहराची. दिलरस बानू ही इराणच्या सफवी घराण्याशी नाते असलेल्या शाहनवाझ खानाची मुलगी. औरंगजेबाशी तिचा निकाह १६३७ मध्ये झाला. १६५७ च्या सप्टेंबरात तिला पाचवे अपत्य झाले आणि महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, बाळंतपणाच्या दुखण्यातून ती उठली नाही. वय पस्तिशीच्या आसपास. म्हणजे सासूसुनांना एकाच कारणाने मरण आले. ज्यांना आपण प्रेमाच्या इमारती म्हणतो त्या दोन्ही बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या कबरी आहेत.

येथे जालन्याच्या पाहुण्यांसाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की दिलरस बानू वारली तेव्हा औरंगजेब बादशहा नव्हता. तो दख्खनचा सुभेदार होता. तो तख्तावर बसला १६५८ मध्ये. तिने त्याची बादशाही एक दिवसही पाहिली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या मुलाला जन्म देऊन ती गेली तो शहजादा अकबर. याच अकबराने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले आणि तो दख्खनमध्ये आला तो छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला. महाराजांनी त्याला आसरा दिला. पुढे तो इराणला निघून गेला. आज ज्या शहराला २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे, त्याच शहरात संभाजी महाराजांच्या या पाहुण्याची आई झोपली आहे. इतिहास बाजारातल्या घोषणांसारखा दोन रंगांचा नसतो, एवढेच यातून घ्यायचे.

पाहुण्यांची भीती मात्र मी खोटी ठरवली नाही. मोबाईलवरच्या मजकुरावरून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झाले आणि २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून नागपूर कसे पेटले, हे सर्वांनी पाहिले आहे. ज्याच्या घरात मुलगा आहे तो माणूस घाबरणारच. पण भीतीने आपण आपल्याच गावची एक बाग सोडून द्यायची का, हा प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारावा, असे मी म्हटले.

नकल की असल?

मकबऱ्याच्या दरवाजावरच्या लेखात दोन नावे आहेत: अताउल्ला मेमार आणि हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. एक मुसलमान, एक हिंदू. दोघांची नावे एकाच दारावर. काम १६६०-६१ च्या सुमारास पुरे झाले. खर्चाचा आकडा सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा सांगितला जातो. ताजच्या मानाने तो किरकोळच. म्हणून संगमरवर फक्त खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला; मधला सारा भाग आपल्या काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा इतका घोटीव गिलावा की दुरून संगमरवरच वाटावा. भोवतीचे आवार ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. आत कबरीजवळ जाता येत नाही. वरच्या सज्जातून खाली पाहायचे. संगमरवरी जाळीच्या अष्टकोनात साधी कबर.

लोक याला 'दख्खनचा ताज' म्हणतात आणि मग ताजशी तुलना करून नाक मुरडतात. यात फोटोंचाही दोष आहे. मुख्य दरवाजातून आत शिरले की समोर जो देखावा दिसतो, हौद मध्ये आणि घुमट मागे, तोच सगळे टिपतात, कारण तो ताजसारखा दिसतो. मी भाचीला म्हटले, जागा निवडायची तर नजरही निवड. पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीकडून पाहा, मागे सातारा-दौलताबादकडचे डोंगर घे. मग ती आग्ऱ्याची नकल राहत नाही. आपल्या गावची असल होते.

नाव न कळता निवडलेल्या जागांची आपल्याकडे कमी नाही. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, डोंगरावरच्या 'चांदबीबीच्या महाला'त जोडपी हौसेने फोटो काढतात. तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही; मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबत खान याची ती कबर आहे. विजापूरचा इब्राहिम रोजा मुळात ताज सुलताना या बेगमेसाठी होता. पुढे १६२७ मध्ये इब्राहिम आदिलशहाही तिथेच दफन झाला. आपल्या दख्खनच्या देखण्या जुन्या इमारती मोजायला घेतल्या तर निम्म्याशिम्म्या कबरीच निघतील. महाल पडले, कबरी राहिल्या. कारण महाल जिंकून घेणारा पाडतो किंवा बदलतो, कबरीला सहसा हात लावत नाही. म्हणून आज फोटोसाठी देखणी जुनी जागा शोधणाऱ्याच्या वाट्याला बहुधा कबरच येते. यात अपशकुन काही नाही.

अदबीचा प्रश्न मात्र आहे, आणि तो खालाजानने काढला हे बरे झाले. २०२० मध्ये लाहोरच्या वजीर खान मशिदीत एका गाण्यासाठी निकाहचा प्रसंग चित्रित झाला, त्यावरून मोठा गदारोळ होऊन प्रकरण कोर्टात गेले. इबादतीची जागा, दफनाची जागा आणि तमाशाची जागा यांत फरक राहिलाच पाहिजे. साहिर लुधियानवी यांनी 'ताजमहल' या नज्मेत प्रेमिकांच्या भेटीसाठी ही जागा साफ नाकारली होती. गरिबांच्या प्रेमाची ती थट्टा आहे असे त्यांना वाटे. पुढे १९६३ च्या 'ताजमहल' चित्रपटाची गाणी त्याच साहिरने लिहिली, हा भाग वेगळा. जागा तीच, आपण तिथे काय म्हणून जातो यावर सारे अवलंबून.

शेवटी काय झाले

मी निवाडा दिला नाही. भाचीने आपापसात सर्वांना राजी केले. मकबरा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने तिपाई लावायला परवानगी लागते. तिने ती यातायात केली नाही. फोटोग्राफर म्हणून कॉलेजातली एक मैत्रीण, हातात एक कॅमेरा, एवढेच. जालन्याच्या पाहुण्यांनी एक अट घातली की फोटो मोबाईलवर फिरवायचे नाहीत, कागदावर छापून अल्बममध्ये लावायचे. मुलगी हसून म्हणाली, "मलाही तेच पाहिजे होते." मेहुणे आले नाहीत, पण त्यांनी रिक्षाचे पैसे दिले.

खालाजान मात्र हट्टाने बरोबर आल्या. आत गेल्यावर त्यांनी दोघांना आधी वर सज्जात नेले. खाली कबर, भोवती जाळी, कडेला लोकांनी टाकलेली नाणी. खालाजानने फातेहा पढला, मुलांनी हात उचलले. मग भाचीने मला विचारले, "मामू, वय किती होते म्हणालात?" मी म्हटले, "पस्तीस." ती काही बोलली नाही. बाहेर येऊन पूर्वेच्या भिंतीशी त्यांनी फोटो काढले. एकात खालाजानही आहेत, पदर सावरत, कॅमेऱ्याकडे न बघता.

अल्बम मी परवा पाहिला. पहिल्या पानावर जो फोटो आहे त्यात मकबरा मागे, कोपऱ्यात, लहानसा दिसतो. दोघे पुढे आहेत, चेहरे उघडे आणि स्पष्ट. खाली भाचीने स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आहे आणि जागेचे नाव लिहिले आहे. 'बीबीका मकबरा' असे तिने लिहिलेले नाही. लिहिले आहे: 'दिलरस बानूच्या बागेत.'

बीबी म्हणजे कोणीही बाई. साडेतीनशे वर्षे आपण तिला बीबीच म्हणत आलो. तिचे नाव आमच्या घरातल्या एका अल्बमात आले, हे मला त्या फोटोपेक्षाही मोलाचे वाटते.